पुस्तक दाखव म्हणणारे लोटन नाना

पाचापेक्षा वीस मोठे आणि तिसापेक्षा पन्नास मोठे, हे मला दुसरीत शिकवलं होतं. त्या शिक्षणाचा पहिला ठोस उपयोग मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी केला. गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं होतं आणि दुकानात माझ्यासमोर दोन डबे होते. एकावर पाच डब्ल्यू तीस, दुसऱ्यावर वीस डब्ल्यू पन्नास. दोन्हींवर ‘फुल सिंथेटिक’ असं ठळक छापलेलं. वीस-पन्नासवर तर सूटही होती. मोठा आकडा कमी पैशात मिळतोय म्हटल्यावर विचार कोण करत बसतो? मी डबा उचलला, दुकानदाराकडून हट्टाने एक कीचेन मागून घेतली आणि जग जिंकल्यासारखा घरी आलो.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडून डब्याचं बूच फिरवणार, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून आवाज आला.

“गाडीले चाकं कितला शेतस रे?”

“चार, नाना.”

“मोज.”

मी मोजली. सांगायला लाज वाटते, पण खरंच वाकून मोजली.

“आते डबावरनं चित्र देख.”

डब्यावर मोटारसायकल होती. चांगली ठसठशीत, मागच्या चाकातून ज्वाळा सोडणारी. सवलतीच्या आणि कीचेनच्या आनंदात ती मला दिसलीच नव्हती.

“शंभरपैकी अकरा,” भिंतीवरचा आवाज म्हणाला. “ते बी चाकं बरोबर मोजली म्हणून.”

हे लोटन नाना.

धुळ्याच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. मुलगी धुळ्यातच दिलेली, बायको गेलेली, आणि का कोण जाणे, पण निवृत्तीनंतर त्यांनी घर घेतलं ते जळगावात, आमच्या कॉलनीत, नेमकं माझ्या भिंतीला लागून. संस्था सुटली तरी वर्ग सुटला नव्हता. आठ बंगल्यांची कॉलनी हीच त्यांची शेवटची बॅच, आणि ही बॅच त्यांच्या मते इतिहासातली सगळ्यात मठ्ठ होती.

नानांकडे तुच्छतेची कमतरता कधीच नव्हती, आणि ती ते जपून वापरत नसत. कुणाच्या घरी गेले की माणसाआधी ते जमीन बघत. गाडी जिथे उभी राहते तिथल्या फरशीवरचे डाग निरखून झाले की मगच घरात पाऊल. “गास्केट गेलं वाटतं,” असं म्हणतच उंबरा ओलांडायचे, आणि “कसे आहात?” हा प्रश्न चहा संपताना आठवला तर आठवला. खिशात खडू असे. पांढरा, अर्धा तुटलेला. समजावून सांगताना माणूस समजत नाही असं दिसलं, म्हणजे रोजच, की ते फरशीवर आकृती काढत. आमच्या पार्किंगमध्ये पिस्टनची इतकी चित्रं असत की कामवाल्या ताईंनी एकदा विचारलं, “घरात कोनाले बाधा झालीय का?”

लग्नात, बारशात, तेराव्याला, कुठेही गाडीचा विषय निघाला की लोक नानांपासून दोन खुर्च्या लांब सरकत. एकदा एका लग्नात वधूपिता सगळ्यांना सांगत होते, की नव्या गाडीत आपण सगळ्यात महागाचंच तेल टाकतो, दुसरं चालत नाही. नानांनी जिलेबी खाली ठेवली. “कोणतं?” विचारलं. वधूपित्यांना नाव आठवेना, पण महाग आहे हे नक्की आठवत होतं. नाना म्हणाले, “बरं. आणि जावई कसा निवडला? असाच का?” त्या लग्नात पुढच्या पंगतीचा आग्रह आम्हाला कुणी केला नाही.

पण त्या दिवशीच्या माझ्या मोटारसायकलच्या तेलाकडे परत येऊ.

नाना भिंतीला वळसा घालून आत आले आणि हात पुढे करून म्हणाले, “पुस्तक दाखव.”

मला वाटलं गाडीचं आरसी बुक. ते दिलं. त्यांनी ते न उघडता माझ्या खिशात परत ठेवलं. त्यांना हवं होतं ते गाडीबरोबर कंपनी देते ते जाड माहितीपुस्तक. ते आमच्याकडे होतं. गोदरेजच्या कपाटात, सोन्याच्या पावत्या आणि लग्नाचा दाखला यांच्यामध्ये, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, जसंच्या तसं. गाडी आणली त्या दिवशी सौ.ने त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. नानांनी पिशवी फाडली तेव्हा आतून अक्षता सांडल्या.

“वा,” नाना म्हणाले. “पुस्तकाची पूजा. हाई पुस्तक कसाले दिन्हं तुले कंपनीनी? आरती कराले?”

मग ते शेवटच्या पानांकडे गेले, एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. पाच डब्ल्यू तीस. त्याखाली दर्जाची दोन इंग्रजी अक्षरं. त्याखाली किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनी. बस, चार ओळी. आठ वर्षं त्या चार ओळी सोन्याच्या पावत्यांजवळ झोपल्या होत्या आणि मी तेलासाठी अख्खं जळगाव विचारत फिरलो होतो.

मी बचावाचा एक क्षीण प्रयत्न केला. “पण नाना, आपल्या जळगावच्या उन्हात पातळ तेल टिकत नाही म्हणतात. इथे जाडच पाहिजे.”

हे वाक्य आमच्याकडे लहान मूलही म्हणतं. मेमध्ये डांबर चिकटतं त्या गावात हा विचार सुचणं साहजिक आहे. नानांनी दोन मिनिटं खिशात खडू शोधला. मग फरशीवर इंजिन काढून म्हणाले, “आत नव्वद डिग्री. बाहेर पंचेचाळीस असो का पंधरा. इंजिनला आपलं तापमान आपण सांभाळता येतं. त्याला तुझ्यासारखं जळगावचं ऊन लागत नाही.” मग आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा सकाळचा, गार इंजिन सुरू होताना तेल किती पटकन धावत वर पोचतं त्याचा. तो जेवढा लहान तेवढं तेल चपळ. दुसरा आकडा तापल्यानंतरचा, तेव्हा ते किती दाट राहतं त्याचा. “मोठा म्हणजे चांगला नाही, लहान म्हणजे चांगला नाही. पुस्तकातला म्हणजे चांगला. समजनं का?”

समजलं म्हणालो. नानांनी माझ्याकडे बघून मान अशी हलवली की समजलं नाही हे माझ्याच लक्षात आलं.

बोटांनी तेल चोळून दर्जा सांगणाऱ्यांचा त्यांना विशेष तिटकारा. आमच्याकडे हे सगळेच करतात. इंजिनातली गेजची पट्टी काढायची, तेलाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, बोट चोळायचं, वास घ्यायचा, आणि डोळे अर्धे मिटून म्हणायचं, “आहे अजून जीव.” नाना म्हणत, “अंगठा चोळून तेल कळत असतं तर कंपन्यांनी प्रयोगशाळा कशाला बांधल्या असत्या? तुझाच अंगठा कापून नेला असता.” स्वस्त आणि चांगलं फुल सिंथेटिक कसं निवडायचं, यावर त्यांचं म्हणणं साधं होतं. पुस्तकातला आकडा बघा, पुस्तकातली अक्षरं बघा, डबा सीलबंद आणि बिलासकट घ्या. एवढ्यात बसणाऱ्यांतलं जे सगळ्यात स्वस्त असेल ते डोळे मिटून गाडीत टाका. “उरलेले पैसे जाहिरातीतल्या नटाला द्यायची हौस असली तर त्याला वेगळी मनीऑर्डर करा.”

या माणसाला आयुष्यात एकच विद्यार्थी शिकलेला वाटत होता. भटू त्याचं नाव. साक्रीकडच्या एका खेड्यातून आलेला. नाना वर्गात पुस्तकातला तक्ता वाचून दाखवत होते, तेव्हा मागच्या बाकावरून या भटूने विचारलं, “सर, पुस्तकच चुकलं असलं तर?” नानांनी त्याला वर्गाबाहेर काढला. मग रात्रभर जागून दुसरी दोन पुस्तकं ताडून बघितली. छपाईची चूक होती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणाले, “भट्या, आत ये. तू शिकशील. बाकीचे पास होतील.”

ही गोष्ट आम्ही आठही घरांनी मिळून शंभरदा तरी ऐकली असेल. भटूचं आता धुळ्यात तेलाचं आणि सुट्या भागांचं मोठं दुकान होतं. फोन आला की नाना उभं राहून बोलत, पण शब्द हेच: “काय रे भट्या, गधड्या, जिता शे का?” फोन ठेवल्यावर अर्धा तास त्यांचा चेहरा असा असे की त्या वेळेत चुका केल्या तरी मार्क कापले जात नसत. मी माझे प्रश्न त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायचो.

पुढची कल्पना माझी. नाकारण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे उन्हाळा लागला की वर्षाचे गहू, तूर, मिरची एकदम भरायची रीत. चार घरं मिळून घेतली की भाव उतरतो, पोती घरपोच येतात. मी पाइपांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघतो. एकदम घेतलं की स्वस्त, याच्यापलीकडे मला अर्थशास्त्र येत नाही. कॉलनीच्या बैठकीत मी उभं राहून म्हणालो, “आपण इंजिन ऑइल पण वर्षाचं भरू. एकच पिंप घेऊ, दोनशे लिटरचं. फुल सिंथेटिक!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूळचे रावेरचे मधुभाऊ, ज्यांच्या तिकडे केळीच्या बागा आहेत आणि ज्यांना ठोकात घेणं म्हणजे धर्म वाटतो, त्यांनी तर पाठीवर थाप मारली.

नाना कोपऱ्यात बसले होते.

“गाड्या किती?”

“आठ.”

“एका गाडीला साडेतीन लिटर धर. वर्षातून एकदा. पिंप किती वर्षं पुरेल?”

बैठकीत हिशोब सुरू झाला. मोबाइल निघाले. “सात,” कुणीतरी म्हणालं.

“सात वर्षं ठेवणार कुठे?”

“गच्चीवर,” मी म्हणालो.

“गच्चीवर,” नाना म्हणाले. नुसतं तेवढंच, पण त्या एका शब्दात त्यांनी माझे आईवडील, शाळा आणि कारखाना तिन्ही घेतले. मग मधुभाऊंकडे वळले. “तुमची डिझेल गाडी. धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी आहे. तिला राख कमी करणारं वेगळं तेल लागतं. दुसरं टाकलं तर जाळी चोक होईल, मग ती जाळी बदलायला केळीचा एक हंगाम विका. याच्या गाडीला पाच-तीस, समोरच्यांच्या नव्या गाडीला झिरो-वीस. आणि हा सगळ्यांच्या पोटात एकच पिठलं ओतणार.”

मी खाली बसलो. पण मग नानांनीच मार्ग काढला, आणि तो काढताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. आठही घरांनी पुस्तकं आणायची. ज्याच्या त्याच्या पुस्तकाप्रमाणे सीलबंद डब्यांची यादी करायची. आठ घरांची एकदम ऑर्डर म्हणजे भाव आपोआप उतरेल. “आणि घ्यायचं भट्याकडून. तो फसवणार नाही. माझा शब्द.”

नानांनी कुणासाठी शब्द दिलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

ऑर्डरचा फोन करायचं काम माझ्याकडे आलं. इथे मला थोडं थांबून स्वतःला शिव्या द्याव्याशा वाटतात. भटूने पहिल्यांदा सांगितला तो भाव रास्त होता, जळगावातल्या कुठल्याही दुकानापेक्षा कमी. पण पहिल्या भावाला घेतलं तर घरी तोंड कसं दाखवायचं? मी म्हणालो, “अजून काही?” त्याने थोडे कमी केले. दुसऱ्या दिवशी परत फोन केला. “सर तुमची इतकी तारीफ करतात, भटूशेठ.” अजून थोडे. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, मधुभाऊंना दुसऱ्याने याहून कमी सांगितलंय. हे खोटं होतं. मग भटू म्हणाला, “मग असं करा, खुलं तेल घ्या. पिंपातलं. डबे तुमचे आणा. होऊन जाईल त्या भावात.”

मी विजयाच्या आनंदात घरोघर जाऊन डबे गोळा केले. शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून आणायचे ते पाच लिटरचे डबे आमच्याकडे प्रत्येक घरात असतात. बायकांनी ते सोड्याने धुऊन, उन्हात उपडे घालून दिले. मी ते डिकीत भरले आणि वर सतरंजी घातली. सतरंजी का घातली, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

रविवारी सकाळी निघालो. मी गाडी चालवत होतो, नाना पुढे, मधुभाऊ मागे. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भटूसाठी घरचे कळण्याचे पापड बांधून घेतले होते. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत ते भटूबद्दलच बोलत होते. पारोळ्यानंतर माझ्या क्लच दाबण्याबद्दल.

भटूचं दुकान मोठं होतं. भटू पन्नाशीला आलेला, पोट सुटलेलं, बोटात दोन अंगठ्या. नानांना बघताच काउंटरवरून पळत आला आणि भर रस्त्यात वाकून पाया पडला. नानांनी त्याच्या टाळूवर टपली मारली. “भट्या, किती खास रे? पोट देख.” दोघं हसले. आतापर्यंत सगळं झकास होतं.

मग मी डिकी उघडली.

“हे डबे कसाले?” नानांनी विचारलं.

“खुलं तेल घेतोय ना, नाना. स्वस्त पडतं.”

नानांनी एक डबा उचलला, बूच काढलं, वास घेतला. सोडा आणि शेंगदाणे. माझ्याकडे बघितलंच नाही. दुकानाच्या मागच्या भागाकडे चालत गेले. तिथे तीन निळी पिंपं उभी होती. एकावर पाच-तीसची चिठ्ठी, एकावर झिरो-वीसची, एकावर डिझेलचं. नानांनी चष्मा पुसला, वाकले, आणि पहिल्या पिंपावरचा बॅच नंबर मोठ्याने वाचला. मग दुसऱ्यावरचा. मग तिसऱ्यावरचा. वर्गात वाचत असतील तसे, एकेक आकडा सुटा.

तिन्ही नंबर एकच होते.

“तीन जातीचं तेल,” नाना म्हणाले, “आणि नंबर एक. तिन्ही एकच मायना पोटना शेतस का भट्या?”

मधुभाऊंनी सवयीने एका पिंपाच्या तोटीखालचा थेंब अंगठ्यावर घेतला, चोळला आणि म्हणाले, “तेल तर चांगलं वाटतंय.”

“सर, बसा ना. चहा सांगतो,” भटू शेवटी म्हणाला. “सर, लोकांना सिंथेटिक पाहिजे, पण साध्या तेलाच्या भावात. डब्यावर नाव पाहिजे. आत काय आहे ते कोण बघतो? मी नाही दिलं तर दुसरा देतो. खरा माल पण आहे माझ्याकडे, तो बघा कपाटात. तो कुणी घेतच नाही.”

मी मनाची तयारी केली. आता धुळ्याच्या भर बाजारात जे काही ऐकायला मिळणार होतं ते मी आयुष्यभर सांगत राहिलो असतो.

नानांनी चष्मा खिशात ठेवला. आणि अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, “नको, भटूशेठ. तुम्ही कामात आहात. आम्ही निघतो.”

भटूचा चेहरा पांढरा पडला. “सर,” तो म्हणाला, “भट्या म्हणा ना.”

“आपली तेवढी ओळख नाही हो.”

“सर, दोन ठेवून द्या. सगळ्यांसमोर द्या. पण अहो नका म्हणू.”

“येतो,” नानांनी हात जोडले. पापडांची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली, व्यवस्थित, पाहुण्याने ठेवावी तशी.

परत येताना पारोळ्याला मी चहासाठी गाडी थांबवली. टपरीवर बशी हातात धरून नानांनी विचारलं, “भाव काय ठरला होता?” मी सांगितला. पहिला, दुसरा, तिसरा, मधुभाऊंच्या नावावरचं खोटंसुद्धा. मधुभाऊ चहाच्या कपात बघत राहिले.

“त्या भावात तेल मिळत नही,” नाना म्हणाले. “तू गिऱ्हाईक नही भो. तू चोर बनाडाना कारखाना शे.” आणि बशीतला चहा न पिता खाली ओतला.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. निदान मला ते अजून ‘तू’ म्हणत होते.

त्या आठवड्यात नानांनी स्वतः फिरून जळगावातल्या एका अधिकृत विक्रेत्याकडून आठ घरांचे सीलबंद डबे आणले, ज्याचं त्याला. माझ्या गाडीला मिळालं ते कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचं फुल सिंथेटिक होतं, आकडा तोच, अक्षरं तीच, आणि जाहिरातीतल्यापेक्षा चांगलंच स्वस्त. एवढं सोपं होतं. फक्त घासाघीस करायला काही शिल्लक राहिलं नव्हतं, म्हणून आम्हाला ते खरेदीसारखं वाटलं नाही.

नानांनी मात्र भटूच्या वर्गाची गोष्ट सांगणं बंद केलं. संध्याकाळी भिंतीशी उभे राहत, पण माझ्या पार्किंगमध्ये डोकावत नसत. माझ्या गाडीखाली तेव्हा तेलाचा चांगला पापडाएवढा डाग पडला होता. मी मुद्दाम पुसला नाही. एकदा त्यांची नजर त्यावर पडली, आणि ते वळून घरात गेले.

भटू रविवारी येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा नानांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, “प्रवास कसा झाला, भटूशेठ?” विचारलं. दहा मिनिटांत तो गेला. दुसऱ्यांदा आला, तसंच. महिन्याभराने परत, तसंच. मी भिंतीआड गाडी पुसत असायचो. आमची गाडी त्या दिवसांत इतकी स्वच्छ होती की सौ.ला शंका आली.

सहा महिन्यांनी एका रविवारी भटू आला तो आत न बसता अंगणातच उभा राहिला. म्हणाला, “सर, तिन्ही पिंपं भंगारात घातली. खोट्या चिठ्ठ्यांची रीळं जाळली. पिंपं परत कुणी भरू नयेत म्हणून भोकं पाडली.”

“भोकं कुठं पाडली?” नानांनी विचारलं.

“खालून, सर. बुडाला.”

भिंतीआड मी फडकं पिळायचंही थांबवलं.

“वरतून बी पाडनी ना, गधड्या!” नाना कडाडले. “खालचं भोक वेल्डिंगनी झाळी लेतस लोकं! इतकी वरीस दुकान करस, इतलं बी समजत नही तुले? भट्या, तू जन्मभर मागलाच बाकडावर बसशी!”

भटू रडत होता का हसत होता ते मला भिंतीमुळे दिसलं नाही. आवाज दोन्हींसारखा येत होता.

त्यानंतर नाना दर गुरुवारी सकाळच्या बसने धुळ्याला जाऊ लागले, आणि वर्षाच्या आत घर विकून मुलीकडे धुळ्यातल्या देवपूरला राहायला गेले. जाताना कॉलनीला निरोप समारंभ करायचा होता. ते म्हणाले, “नापास वर्गाचा निरोप समारंभ नसतो.”

परवा कारखान्याच्या कामाने धुळ्याला गेलो होतो, तर वाट वाकडी करून भटूच्या दुकानात गेलो. नाना दाराशीच स्टुलावर बसले होते. समोर एक गिऱ्हाईक, नव्या पांढऱ्या गाडीचा मालक, कपाळावर घाम. “पुस्तक दाखव,” नाना त्याला म्हणत होते. “घरी आहे? मग तेल बी घरीच घे.” आत भटू एका डब्याचं सील बघत होता आणि अधूनमधून दाराकडे चोरून बघत होता, आपलं काही चुकत तर नाही ना म्हणून. फरशीवर खडूने पिस्टन काढलेला होता.

मला बघून नाना हसले. मीही माझ्या गाडीच्या पुस्तकातला आकडा, अक्षरं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. नानांनी कौतुकाने मान हलवली आणि भटूला सांगितलं, “याचा डबा दे रे.” भटूने डबा आणि बिल पुढे केलं. भाव अगदी रास्त होता, डब्यावर छापला त्याहून कमीच.

आणि मी म्हणालो, “नाना, इथं थोडं कमी होईल ना आपल्यासाठी?”

तोंडातून निघून गेलं. तसं काही मनात नव्हतं. पण गंमत म्हणजे नाना जराही रागावले नाहीत. उठून त्यांनी मला स्वतःचं स्टूल दिलं. “या साहेब, बसा ना,” म्हणाले. “चहा घेणार का आपण? प्रवास कसा झाला?” चहा मागवला, बिस्किटंसुद्धा. निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि हात जोडून उभे राहिले. गाडी वळवताना आरशात बघितलं तर अजून तसेच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून.

इतक्या वर्षांत नानांनी मला एवढा मान पहिल्यांदाच दिला होता. घरी आल्याआल्या मी सौ.ला सगळं सांगितलं, साहेब म्हणाले ते, स्टूल, बिस्किटं, सगळं.

ती गवारीच्या शेंगा मोडत होती. तिचा हात थांबला.

“भटूला परत भट्या व्हायला सहा महिने लागले,” ती म्हणाली. “तुम्हाला जास्त लागतील. उद्या सकाळच्याच बसने निघा.”